डोक्यावरच्या वळकटीपासून पिकअपपर्यंत

या शताब्दी अंकात दिंडीच्या मालकांविषयी, विणेकऱ्यांविषयी आणि चोपदारांविषयी इतर मंडळींनी लिहिलंच आहे. माझ्या वाट्याला दिंडीच्या गाडीचा विषय आला. मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात बोलतो तसंच लिहितो, वाचणाऱ्या माऊलींनी सांभाळून घ्यावं.

दिंडी पायांनी चालते, पण तिचा संसार गाडीवर असतो. राहुट्या, सतरंज्या, कढया, पातेली, शिधा, वळकट्या, पाण्याच्या टाक्या हे सगळं आपल्या आधी मुक्कामाला पोचलं तरच संध्याकाळी पंगत बसते. म्हणून वाहन देणाऱ्याचं नाव वारीच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माऊलींच्या पालखीचा वेगळा सोहळा सुरू केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. आता यातली खरी गोष्ट पाहा. त्यांनी एकदा घोडे देऊन हात झटकले नाहीत. आजही दर वर्षी अश्व अंकलीहून आळंदीला चालत येतात. घोडा दिला आणि त्याची पिढ्यान्‌पिढ्या उस्तवारही केली. दान कसं असावं, ते इथं शिकावं.

आपल्या दिंडीचे पहिले वारकरी वळकटी डोक्यावर आणि भाकरीचं फडकं खांद्याला बांधून चालायचे, असं आमचे आजोबा सांगायचे. पुढे माणसं वाढली तशी बैलगाडी आली. गाडी एका घरची, बैल दुसऱ्या घरचे, वैरण तिसऱ्या घरची. ज्याची बैलजोडी, त्याच्याच घरचा एक गडी सोबत यायचा. दिवेघाट चढताना बैलांच्या तोंडाला फेस यायचा, मग माणसं मागून चाकाला खांदा लावायची. १९७२ च्या दुष्काळात माणसाला खायला नव्हतं, तिथं बैलाला वैरण कुठली? त्या साली सामान निम्मं केलं आणि पुन्हा डोक्यावर घेतलं, पण वारी चुकू दिली नाही. त्यानंतर ट्रॅक्टर-ट्रॉली आली, मग भाड्याचा ट्रक आला. ट्रकाचं भाडं भिशीच्या पैशाला डोईजड व्हायला लागलं. त्यात वारीच्या ऐन दिवसांत भाडं वाढवून मागायचे, आणि आपली गरज असल्यामुळं द्यावं लागायचं.

अशा वेळी आपल्यातल्याच एका माळकरी शेतकऱ्यानं आपली वापरलेली पिकअप दिंडीला द्यायचं ठरवलं. भाजीपाला मार्केटला नेऊन त्या गाडीनं त्यांचं घर वर काढलं होतं. नवी गाडी घेतल्यावर व्यापारी जुनीचे पैसे रोख देत होता, पण त्यांनी विकली नाही. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

बैठकीत लगेच होकार मिळाला असं मात्र झालं नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "गाय दिली, पण चारा कुणी घालायचा?" डिझेल, टायर, विमा, पासिंग हा खर्च कोण करणार? कुणी म्हणालं, देवाच्या दारी आलेली वस्तू नाकारू नये. त्या बैठकीत मी नचिकेत्याची कथा सांगितली. बाप यज्ञात दान करत होता, पण गाई कसल्या? म्हाताऱ्या, भाकड, दूध आटलेल्या. ते बघून पोराला राहवलं नाही. आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे दान नव्हे, हे त्या लेकरानं बापाला दाखवलं. जुनी वस्तू देण्यात कमीपणा नाही, भाकड देण्यात आहे.

देणाऱ्या गृहस्थांना ते पटलं. त्यांनी मेस्त्रीकडून गाडीचं काम करून घेतलं, चारही टायर नवे टाकले, पासिंग करून दिलं, वर्षाचा विमा भरला. आणि पहिल्या वारीला ड्रायव्हर म्हणून स्वतः आले. जुन्या काळी बैलांबरोबर मालक यायचा, तसंच झालं.

कागदाचं काम आपल्या सचिवांनी नीट केलं. पुढच्या पोरांसाठी ते लिहून ठेवतो. आधी गाडीवर फायनान्सचा बोजा नाही ना, ते आरसी बुकात बघितलं. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओत गाडी ट्रस्टच्या नावावर केली. नुसती किल्ली देऊन भागत नाही, कारण अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव, त्याच्यावर भरपाई येते. तसं झालं तर बिचारा देणाराच अडकायचा. विम्यावरही ट्रस्टचं नाव चढवलं. दानपत्र लिहिलं, ट्रस्टच्या मालमत्तेत गाडीची नोंद केली. वस्तूच्या दानाला आयकरात ८०जीची सवलत मिळत नाही, ती पैशाच्या देणगीला मिळते, हेही देणाऱ्याला आधीच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मला कुठं हिशेब करायचाय?" आणि आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दर वर्षी पासिंग लागतं, म्हणून ज्येष्ठ लागायच्या आत ते करायचं, असं वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

एक नियम सगळ्यांनी कडक पाळावा. सामानावर माणूस बसवायचा नाही. पाय सुजलेली मावशी "बसू दे रे लेकरा" म्हणते तेव्हा जीव तुटतो, पण मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं, आणि घाटात दोरी तुटली तर काय होईल याचा विचार करा. थकलेल्या माऊलींसाठी वेगळी जीप करावी, तिचा खर्च भिशीतून द्यावा.

आज ही पिकअप आषाढीला जाते, कार्तिकीला जाते, गावच्या सप्त्याचा शिधा आणते, उन्हाळ्यात वाडीवर पाण्याची टाकी नेते. बैठकीत विचारणाऱ्या त्या बाबांनीच नंतर "गाडीचा चारा" म्हणून डबा सुरू केला. सुगीला प्रत्येक घर त्यात आपापल्या ऐपतीनं टाकतं. डिझेल आणि टायर त्यातनंच निघतात, आणि हिशेब एकादशीला देवळात वाचून दाखवला जातो. गाडी एकानं दिली, पण चालवतो सगळा गाव. बैलगाडीच्या दिवसांतही असंच होतं.

ही गाडीही एक दिवस थकेल. तेव्हा ती ओढत बसू नये, रीतसर मोडीत काढावी, आणि आलेली रक्कम पुढच्या वाहनाच्या खात्यात टाकावी. पुढं ज्या कुणाला दिंडीला काही द्यावंसं वाटेल, त्यानं आधी दिंडीला काय लागतं ते विचारावं, वस्तू धड करून द्यावी, आणि जमलं तर पहिल्या वारीला तिच्याबरोबर स्वतः चालावं. घेणाऱ्यांनीही ती आपल्या बैलासारखी जपावी.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल. राम कृष्ण हरी.