कोंबडी, अंडं आणि एका डॉक्टरांचा प्रश्न

गर्भपिशवीबद्दल आपण पुष्कळदा बोलतो. आज तिच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, बदामाएवढ्या बीजकोशांबद्दल बोलू.

१९७१ साली इजिप्तमधल्या असियूत शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ महमूद फतहल्ला यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. बीजकोशाचा कॅन्सर बहुतेक जनावरांत क्वचित दिसतो, मग तो बाईला आणि अंड्यांवरच्या कोंबडीला का होतो? त्यांचं म्हणणं असं, की या दोघींच्या बीजकोशांना उसंतच नसते. जनावर माजावर येतं तेव्हा बीज सुटतं, गाभण राहिलं की थांबतं. लेअर कोंबडी मात्र वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालते. आणि एक-दोन मुलांवर थांबलेल्या बाईचं बीज आयुष्यात सुमारे ४०० वेळा सुटतं. आम्ही हे वाचलं तेव्हा दारातल्या कोंबड्यांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं!

बीज सुटताना बीजकोशाचं वरचं आवरण फाटतं. जखम होते, सूज येते, मग भरून येतं. सूज आली की तिथे ऑक्सिजनचे तापट कण तयार होतात. वांगं चिरून ठेवलं की हवेनं काळं पडतं ना, तसं हे कण पेशीतल्या प्रथिनांना बिघडवतात. पेशीतली डागडुजीसुद्धा प्रथिनंच करतात. कारागीरच गंजला तर दुरुस्ती कोण करणार? कॅन्सरच्या गाठीत अशी गंजलेली प्रथिनं सापडतात. मात्र गाठ स्वतःही असे कण तयार करते, त्यामुळे आधी गंज की आधी गाठ, हा वाद सुटलेला नाही. म्हणून ‘गंज घालवणारी’ महागडी पावडर कुणी विकायला आलं तर पैसे जपून ठेवा. तिनं हा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही.

बाळंतपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी हा धोका कमी होतो, हे पुढे दिसून आलं. पण त्यावरून मूल नसलेल्या बाईला कुणी बोल लावला तर त्याला तिथेच थांबवा. पाच लेकरांच्या आईलाही हा रोग होतो, काही घरांत तो रक्तातून येतो. आणि फतहल्ला तर बाळंतपणात बायका मरू नयेत म्हणून पुढे जगभर झटले. जास्त मुलं होऊ द्या, असं ते सांगत नव्हते.

२००१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना बीजनलिकेच्या टोकाशी कॅन्सरपूर्वीचे बदल दिसले. आता या रोगाचा मोठा भाग तिथूनच सुरू होतो असं मानतात. म्हणजे फतहल्लांचं उत्तर अर्धंच होतं, पण प्रश्न अचूक होता.

आपल्याकडे कॅन्सरच्या नावानं वेगळंच घडलं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली, सरकारला समिती नेमावी लागली. कित्येकींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली होती. पिशवी वेगळी, बीजकोश वेगळे. नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. कुणी तसं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

बीजकोशाचा कॅन्सर लवकर पकडणारी खात्रीची तपासणी अजून नाही. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं, हे नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, त्यातून पाळी गेलेली असेल, तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.