ग्रहलाघवाचे सूत्र आणि गणनेची चळत : वाई ते सांगली

चळतीच्या तत्त्वावर चालणाऱ्या गणन-प्रणालीत संख्या एकावर एक रचल्या जातात. बेरीज-गुणाकारासारखी प्रत्येक क्रिया वरच्या दोन संख्या उचलते आणि उत्तर त्यांच्या जागी ठेवते. युनिक्सवरील ‘डीसी’ या जुन्या प्रणालीत चार मूलभूत क्रिया, भागाकाराची बाकी, घात व वर्गमूळ एवढेच गणित होते. ज्या, कोज्या, लॉगरिथम ही शास्त्रीय फलने तिच्यावर उभारलेल्या ‘बीसी’च्या ग्रंथालयात पुढे घातली गेली, आणि तीही याच साध्या क्रियांतून घडविलेली होती. बेरीज-गुणाकारांतून ज्या कशी काढावी, हा प्रश्न सामान्यतः संगणकयुगाचा मानला जातो. सातारा-सांगली परिसराशी निगडित असलेल्या पंचांगगणिताच्या इतिहासात मात्र तो फार पूर्वीच सोडविलेला आढळतो.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442, म्हणजे इ. स. 1520 हा आरंभकाळ धरून ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या व चाप यांचा आश्रय न घेता ग्रहगणित सांगणे ही त्यांची प्रतिज्ञा होती. अहर्गणाची संख्या फुगू नये म्हणून त्यांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र योजले. हा ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांचा नित्याचा आधार झाला. एकोणिसाव्या शतकात तो सोदाहरण मराठीत आणणाऱ्यांत वाईस जन्मलेले कृष्णशास्त्री गोडबोले (1831–1886) हे प्रमुख होत. मराठीचे व्याकरणकार म्हणून त्यांचे नाव अधिक घेतले जाते. त्यांच्या गणिती कार्याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली, हे नमूद करावयास हवे.

रवीच्या मंदफलाचे ग्रहलाघवीय सूत्र असे : भुजांशास 9 ने भागावे, भागाकार 20 मधून वजा करून बाकीस त्याच भागाकाराने गुणावे, गुणाकाराचा नवमांश 57 मधून वजा करावा आणि जे उरेल त्याने मूळ गुणाकारास भागावे. भुज 90 अंश असता भागाकार 10 येतो. चळतीवर त्याची एक प्रत ठेवली व दुसरी 20 मधून वजा केली की पुन्हा 10, आणि गुणाकार 100. या 100 चीही एक प्रत राखली, दुसरीचा नवमांश 57 मधून काढला, की 45.89 उरतात. अखेरचा भागाकार 2.18 अंश. दोनदा प्रत काढणे, दोनदा वजाबाकी, एक गुणाकार, तीन भागाकार, एवढ्यात फलन पुरे होते. एकही कोष्टक लागत नाही. मुळाशी सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांचे ज्येचे अपूर्णांकरूप आहे.

हे रूप स्थूल आहे, हे खरेच. भुज 30 अंश असता सूत्राने 1.0930 येतात, कमाल फलास 30 अंशांच्या ज्येने गुणिले तर 1.0896. अंतर सुमारे 12 विकलांचे आहे. तिथीच्या समाप्तिकालात त्याने अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही. शिवाय ही चूक साठत नाही. भुज बदलला की ती कमीजास्त होते आणि पुन्हा मूळपदावर येते. ग्रहलाघवावर पुढे जो दृक्प्रत्ययाचा आक्षेप आला, त्याचे खापर अनेकदा या ‘ज्येवाचून’ पद्धतीवर फोडले जाते. ते न्याय्य नाही. खरा दोष स्थिरांकांत होता. सूर्यसिद्धांतीय वर्षमान वास्तव नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. 1520 पासून 1920 पर्यंतच्या 400 वर्षांत ही चूक साठत साठत जवळजवळ एका दिवसाची होते. सूत्राच्या जागी कितीही सूक्ष्म ज्या बसविली असती, तरी हा दिवस भरून निघाला नसता.

पंचांगशोधनासाठी 1920 मध्ये सांगली येथे ज्योतिष संमेलन भरले, ते या पार्श्वभूमीवर. लोकमान्य टिळक या चळवळीचे अग्रणी होते. वेधांशी जुळणारे गणित हवे, याविषयी सुधारकांत फारसे दुमत नव्हते. तंटा होता तो राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे मानावा, याचा. टिळक पंचांगाने रेवतीतील तारा स्वीकारला, तर चित्रापक्षाने चित्रेच्या समोरचा बिंदू. दोहोंच्या अयनांशांत सुमारे 4 अंशांचे अंतर पडते. तेवढे अंतर चालण्यास सूर्याला सुमारे चार दिवस लागतात. त्यामुळे संक्रांती मागेपुढे होतात आणि काही वर्षी अधिक मासही वेगळा येतो.