जांघेत गाठ का येते? शरीराच्या पहाऱ्याची माहिती

मुलाच्या पायाला काच लागते, जखम थोडी पिकते आणि दोन दिवसांनी जांघेत गाठ येते. घरात दादी म्हणतात, "गिल्टी आली." मराठीत यालाच अवधाण म्हणतात. आमच्या मुकुंदवाडीत शाळेत मुलं विचारतात, "जखम पायाला, मग गाठ जांघेत कशी?" या एका प्रश्नाच्या उत्तरात शरीराची सगळी संरक्षण व्यवस्था समजते.

लसिका आणि तिचे नाके

रक्त बारीक वाहिन्यांतून फिरताना त्यातलं पाणी पेशींमध्ये झिरपतं. त्यातलं उरलेलं पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात. हीच लसिका. तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. आपलं चालणं, श्वास आणि स्नायूंची हालचाल यामुळे ती पुढे सरकते आणि शेवटी गळ्याच्या हाडाजवळ पुन्हा रक्तात मिसळते.

वाटेत तिची तपासणी होते. शरीरात सुमारे 600 लसिकाग्रंथी आहेत. मान, काख आणि जांघ इथे त्या जास्त असतात. पायातून जंतू निघाला की त्याला मोठा नाका जांघेत लागतो. तिथे पांढऱ्या पेशी त्याला अडवतात, स्वतःची संख्या वाढवतात, म्हणून ग्रंथी सुजते. पानथरी हेच काम रक्तासाठी करते, तर टॉन्सिल घशाच्या दारात पहारा देतात.

ओळख आणि आठवण

पहिली भिंत म्हणजे त्वचा, अश्रू, पोटातलं आम्ल. ती ओलांडली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यानंतर खास पेशी त्या जंतूला ओळखून प्रतिपिंडं तयार करतात. पहिल्या वेळी याला एक-दोन आठवडे लागू शकतात. पण काही पेशी त्या जंतूची आठवण ठेवतात, आणि तो पुन्हा आला तर फौज लवकर उभी राहते. लस म्हणजे आजार न होता दिलेली हीच आठवण.

मुंबईचा गाठीचा रोग

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पिसू चावला की जंतू जवळच्या लसिकाग्रंथीत शिरत आणि जांघेत किंवा काखेत मोठी गाठ येई. इथे हल्ला इतका जोरदार होता की नाकाच पडायचा. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा ऐन तरुण असलेले आगाखान तिसरे यांनी सगळ्यांसमोर लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. ते पाहून त्यांच्या खोजा जमातीतले लोक पुढे आले.

ही गोष्ट जुनी झाली म्हणून सोडून देऊ नका. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही ती पसरली. लहान मुलं दगावली. आजारी पडलेल्यांपैकी अनेकांनी लस घेतलेली नव्हती. गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. त्यामुळे मूल बरं झालं तरी बरेच दिवस दुसऱ्या आजारांपुढे कमजोर राहतं. "गोवर तर सगळ्यांनाच येतो" असं म्हणून गप्प बसणं म्हणूनच महागात पडतं.

घरात काय करावं

• जखम साबण-पाण्याने धुवा. गाठ दाबू नका, चोळू नका, डाग देऊ नका. जखम बरी झाली की ती बहुतेक वेळा आपोआप उतरते.

• मानेतली गाठ दोन आठवड्यांहून जास्त राहिली, वाढत गेली, सोबत ताप आला किंवा वजन घटलं, तर ती गंडमाळ म्हणजे गाठीचा टीबी असू शकते. सरकारी दवाखान्यात किंवा घाटीत दाखवा. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. टीबी पूर्ण बरा होतो, पण कोर्स मध्येच सोडू नका.

• गोवर-रुबेलाची लस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत द्या. डोस चुकला असेल तर आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

लसीकरणाचं कार्ड आज कपाटातून काढा आणि एकदा तपासा. एखादी जागा रिकामी दिसली तर त्या जंतूची ओळख तुमच्या मुलाच्या शरीराला अजून झालेली नाही, असं समजा.