एका नांवाच्या दोन वाटा

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत जुवांव, जुजे, मिंगेल हीं नांवें ऐकूं येतात. तीं पोर्तुगीज असावींत अशी आपली सहज समजूत होते. परंतु पोर्तुगीजांनींही तीं उसनींच घेतलेलीं. मूळ हिब्रू भाषेंत योहानान म्हणजे 'ईश्वरानें कृपा केली', योसेफ म्हणजे 'तो भर घालो' आणि मिखाएल म्हणजे 'ईश्वरासमान कोण?'.

ह्या योहानानाचा ग्रीकांनीं इओआन्नेस केला. पुढें प्रत्येक देशानें आपल्या जिभेस रुचेल तसें तें नांव वळविलें: फ्रेंचांचा झां, इंग्रजांचा जॉन, जर्मनांचा हान्स, रशियनांचा इव्हान. गोव्यांत २४ जूनला साजरा होणारा 'सांजांव' हा सणही संत योहानाच्याच नांवाचा.

मालवणाहून किनाऱ्यानें उत्तरेस गेलें असतां पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, हिब्रू नांवें युरोपाचा वळसा न घेतां आलेलीं आढळतात. तेथील बेने इस्राएल लोक तेलाच्या घाण्यावर उपजीविका करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यांत शमुएलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, मोशेचा मुसाजी. तानाजी-येसाजींच्या पंक्तींत हीं नांवें कोणास परकीं वाटलीं नाहींत. मुंबईंतील पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे ह्याच समाजाचे.

एकोणिसाव्या शतकांत मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं बेने इस्राएलांसाठीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें, लिहिणाराही योहानानच! पुढें इंग्रजी शिक्षणाबरोबर सामाजी मागें पडला व सॅम्युएल आला. वाडवडिलांचें नांव परत मिळालें, पण तें ग्रीक, लॅटिन, इंग्रजी असा फेरा घेऊन. मूळचा 'श' तर ग्रीकांच्याच दारीं गळला, कारण त्यांच्या भाषेंत तो ध्वनि नव्हता.

सॅम्युएल शुद्ध आणि सामाजी अपभ्रष्ट, असें सुशिक्षितांस वाटत आलें. मला तें मान्य नाहीं. दोन्ही नांवें सारखींच वळलेलीं. भेद एवढाच कीं एक परक्यांच्या ग्रंथांतून आलें आणि दुसरें शेजाऱ्यांच्या तोंडून. १९४८ नंतर ह्या समाजांतील बहुतेक लोक इस्राएलांत गेले. तेथें सॅम्युएलाचा पुन्हा शमुएल होऊं शकतो. परंतु शेजाऱ्यानें अंगणांतून 'सामाजी' म्हणून हाक मारावी, तें नातें कोणत्याही व्याकरणानें परत येणारें नव्हे. त्याची खूण राहिली आहे ती दिवेकर, पेणकर ह्या आडनांवांत.