गोवा पावडर आणि दोन चुका



लोकलमध्ये कुणाच्या हातावर लाल, खवलेदार चट्टे दिसले की शेजारचा माणूस हळूच सरकून बसतो. खरं तर काहीच गरज नसते, कारण सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. मग ही भीती आली कुठून?

पहिली चूक नावाची. शतकानुशतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत राहिली. १८०८ मध्ये लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी या आजाराचं बारकाईने वर्णन केलं, पण त्याच्या एका प्रकाराला नाव दिलं 'लेप्रा'. म्हणजे पुन्हा कुष्ठरोगाचाच शब्द! १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी तो शब्द काढून टाकला. पुस्तकातून तो गेला, लोकांच्या मनातून मात्र गेला नाही.

दुसरी चूक औषधाची, आणि ती आपल्या शेजारून सुरू होते. ब्राझीलमधल्या आरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात पिवळसर भुकटी सापडते. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. इकडे ती गजकर्णावर लावायचे, म्हणून नाव पडलं 'गोवा पावडर'. पुढे ती लंडनलाही पोहोचली. तिथे एका रुग्णाने आपल्याला गजकर्ण झालंय असं समजून ती लावली. होता सोरायसिस, आणि चट्टे चक्क कमी झाले! डॉ. बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६ मध्ये हे जगासमोर मांडलं. १९१६ मध्ये जर्मनीत याच पावडरीच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं. त्याने कपड्यांना डाग पडायचे, त्वचेची आग व्हायची, पण गुण यायचा.

का यायचा? निरोगी त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारशक्तीच चुकीचे सिग्नल देते आणि तेच काम काही दिवसांत उरकतं. डिथ्रॅनॉल पेशींच्या या घाईला ब्रेक लावतं. म्हणजे औषध बरोबर होतं, फक्त लावण्यामागचं कारण चुकलं होतं.

आज मलमं आहेत, अतिनील किरणांचे उपचार आहेत, मेथोट्रेक्सेट आहे, बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. आजार कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो. फक्त त्या लंडनच्या रुग्णासारखं स्वतःच गजकर्ण ठरवून मलम चोळत बसू नका. त्याचं नशीब चांगलं होतं. आपण सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

एका चुकीने औषध दिलं. दुसरीने माणसांना फुल बाह्यांचे शर्ट घालायला लावले. ती दुसरी चूक आपण सुधारू शकतो. पुढच्या वेळी लोकलमध्ये सरकू नका, एवढंच.