तेरा पायऱ्यांची घरे

चंदीगडला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला गावाची पहिली ओळख होते ती पत्त्यावरून. सेक्टर, त्यापुढे एक अक्षर आणि घराचा क्रमांक, एवढाच तो पत्ता. पेठ नाही, आळी नाही, पाराजवळचे किंवा मारुतीमागचे घर नाही. आमचे बिऱ्हाड सेक्टर ३९ मध्ये लागले तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी तो पत्ता दोनदा वाचून विचारले होते, "हे गाव आहे की पाढा?" त्या वेळी आम्ही हसलो, पुढे नकाशा निरखून पाहिला तेव्हा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता असे ध्यानात आले. सेक्टर १७ आणि २२ समोरासमोर आहेत. त्यांची बेरीज ३९. त्यांच्या शेजारच्या १८ व २१, १९ व २०, १६ व २३ या जोड्यांचीही बेरीज ३९ च येते. त्यांच्या वरच्या रांगेत ही बेरीज २६, आणि अगदी वरच्या रांगेत १३. एवढा सगळा हिशेब तेराच्या पटीत बसविला, आणि मूळ आराखड्यात सेक्टर १३ मात्र ठेवलाच नाही! तो आकडा अशुभ, म्हणून गाळला असे सांगतात. २०२० साली मणिमाजऱ्याला ते नाव मिळाले, तोवर नगर तेराव्या सेक्टरावाचूनच नांदत होते.

परंतु जो आकडा नकाशातून गाळला तोच घरांच्या यादीत येऊन बसला. सरकारी नोकरांसाठी या नगरात जी घरे बांधावयाची ठरली, त्यांचे प्रारंभी तेरा वर्ग पाडले होते. पहिला वर्ग मुख्यमंत्र्यांचा, तेरावा शिपायाचा. मधल्या अकरा पायऱ्यांवर सचिवापासून कारकुनापर्यंत सारे सरकार उभे केलेले. घराचा वर्ग कळला की आत राहणाऱ्याचा पगार अजमावता येई. आजही येथे नव्या ओळखीच्या सरकारी माणसाला गाव विचारण्याआधी "आपला टाइप कोणता?" असे विचारतात. आपण मराठी माणसे जातीच्या उतरंडीविषयी बरेच बोलतो आणि लिहितो. ही विटांत बांधलेली उतरंड मात्र आपण सारे निमूटपणे चढत असतो, आणि वरचा टाइप मिळाला की घरी पेढेही आणतो.

तथापि एवढ्यावरून या घरांचा निकाल लावणे अन्यायाचे होईल. त्यांचा इतिहास जरा खोलात जाऊन पाहिला पाहिजे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. सिमल्यात तात्पुरता कारभार चालला होता. लक्षावधी निर्वासित छपराच्या शोधात होते. १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याची जागा मुक्रर झाली. पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता. या दोघांनी या नगराचा ध्यास घेतला होता. पहिला आराखडा अमेरिकेच्या आल्बर्ट मेयर यांनी मॅथ्यू नोविकी या पोलिश वास्तुशिल्पज्ञाच्या साह्याने केला. ऑगस्ट १९५० च्या अखेरीस नोविकी विमान अपघातात मृत्यू पावले आणि काम अडले. तेव्हा थापर व वर्मा युरोपला गेले. तेथे ल कॉर्ब्युझिए यांची निवड झाली, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये ते येथे येऊन दाखल झाले.

लोकांच्या तोंडी सारे चंदीगड कॉर्ब्युझिए यांचे. त्यांनी आखणी केली आणि विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय ही कॅपिटलची भव्य रचना केली, हे खरेच. त्या रचनेला २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु माणसे ज्यांत राहतात, भांडतात, मुलांची लग्ने करतात, ती घरे त्यांची नव्हेत. ती पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या तिघांची. जानेरे हे कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ. फ्राय आणि ड्र्यू हे इंग्रज दांपत्य, पश्चिम आफ्रिकेच्या उन्हात काम करून आलेले. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय मंडळी होती: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, यूली चौधरी, जीत लाल मल्होत्रा, बी. पी. माथुर, पुढे राजकारणात गाजलेले पिलू मोदी. याच यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही दोन नावे आहेत. परमुलखात कोठल्याही यादीवरून नजर फिरविताना मराठी आडनावापाशी ती थबकते, ही आपली खोड आम्ही लपवीत नाही.

त्या दशकात घर कसे असावे याविषयी साऱ्या जगात नवा विचार चालला होता. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, पोलादाचे सडपातळ खांब, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि मोकळे ऐसपैस दिवाणखाने अशी घरे उभी राहत होती. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ साली स्वतःचे घर कारखान्यात तयार मिळणारे भाग जोडून उभे केले; ते आजही त्या शैलीचे तीर्थक्षेत्र मानले जाते. (हेच दांपत्य १९५८ मध्ये भारतात आले आणि आपल्या साध्या लोट्याच्या घडणीची भरभरून स्तुती करून गेले.) त्या घरांचे सौंदर्य सुबत्तेचे होते. युद्ध संपले होते, पोलाद मुबलक होते, काच स्वस्त होती, आणि तेथील हवाही सौम्य.

चंदीगडला यातले काहीच नव्हते. सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ, काच महाग, तिजोरी रिकामी. आणि हवा अशी की मे-जूनमध्ये लू अंग भाजून काढते, श्रावणात भिंती घामेजतात आणि पौषात दोन रजया पुरत नाहीत. होते काय, तर माती, वीटभट्ट्या आणि काम मागणारे हजारो हात. तेव्हा घर विटेचेच करावयाचे हे ठरून गेले. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या घरांचे जे रूप आज जगाला मोहविते ते या टंचाईतून जन्माला आलेले आहे. कोणा कलावंताने आधी रूप कल्पिले आणि मग विटा मागविल्या, असे घडले नाही.

एकेक गोष्ट पाहा. काच परवडत नाही, म्हणून खिडक्या लहान ठेवल्या आणि भिंतीत विटांचीच जाळी केली. त्या जाळीने वारा येतो, प्रकाश चाळून येतो, रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नाही. आणि दुपारी भिंतीवर उन्हाची जी नक्षी उमटते ती फुकट. चार स्वतंत्र भिंती परवडत नाहीत, म्हणून घरे ओळीने, एकमेकांस चिकटून बांधली. त्यामुळे प्रत्येक घराच्या दोन भिंतींना ऊन लागतच नाही. छतावर कौले नाहीत, सपाट गच्ची आहे. कारण उन्हाळ्यात सारा पंजाब बाजा टाकून उघड्यावर झोपतो. बाजेवर निजलेले माणूस शेजाऱ्यास दिसू नये इतका कठडा उंच केला. उन्हाच्या बाजूला भिंतीबाहेर आडवेउभे पट्टे काढून दारेखिडक्यांना आडोसा दिला. पुढे ओसरी, मागे भिंतीने वेढलेले अंगण. एका घराचे तोंड मोठ्या रस्त्याकडे नाही. सारी सेक्टराच्या पोटाकडे वळलेली, वाड्यातील सोप्यांनी चौकाकडे पाहावे तशी. जानेरे यांनी कोठे कोठे नदीतील गोटेही भिंतीत बसविले. गिलावा वाचला आणि भिंतीला अंगचा रंग आला.

या सर्वांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती तेराव्या वर्गाची कथा. अगदी शेवटच्या शिपायाच्या घरातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, स्वतंत्र शौचकूप, ओसरी आणि अंगण असलेच पाहिजे, असा दंडक घालून घेण्यात आला. ज्या वाचकांनी मुंबईच्या बीडीडी चाळी पाहिल्या आहेत त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. १९२० च्या दशकात सरकारनेच बांधलेल्या त्या चाळींत एका कुटुंबाला एक खोली आणि साऱ्या मजल्याला सामाईक शौचालये. तीस वर्षांनंतर, त्याहून कितीतरी गरीब असलेल्या एका सरकारने आपल्या शिपायाला घराच्या आत पाण्याचा नळ आणि दाराला कडी असलेला संडास दिला. या वसाहतींच्या रचनेत जेन ड्र्यू यांचा हात मोठा होता. सेक्टर २२ प्रथम उभा राहिला, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नव्या राजधानीचे उद्घाटन केले. उतरंड होती, पण तिच्या तळाची पायरी जमिनीपासून बरीच वर होती, हे मान्य केले पाहिजे.

नमुन्यांना नावे देण्याची रीतही मोठी अनाग्रही. वर्गाचा आकडा आणि पुढे रचनाकाराचे आद्याक्षर. जानेरे स्वतः सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात राहत. तो ४-जे नमुना. म्हणजे चौथ्या वर्गाचे, स्वतःच आखलेले घर. फ्राय आणि ड्र्यू तीन वर्षांनी परतले; जानेरे १९६५ पर्यंत राहिले. प्रकृती ढासळल्यावर ते स्वित्झर्लंडला गेले आणि १९६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार १९७० साली त्यांच्या अस्थी सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आल्या. बदलीच्या गावी अस्थी ठेवण्याची इच्छा धरणारा सरकारी नोकर आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आता आमच्या सेक्टरकडे येतो. पहिला टप्पा सेक्टर ३० पर्यंत. ३१ ते ४७ हा दुसरा टप्पा, अधिक दाट वस्तीचा. जानेरे गेल्यावर शर्मा मुख्य वास्तुशिल्पज्ञ झाले. १९६६ च्या नोव्हेंबरात पंजाब-हरियाणा वेगळे होऊन नगर केंद्रशासित झाले. १९७६ मध्ये गृहनिर्माण मंडळ आले आणि घरे मजल्यावर मजले चढून सदनिका बनू लागली. सेक्टर ३९ या काळाचे अपत्य. शहराला पाणी पुरविणारे जलशुद्धीकरण केंद्र येथे आहे, १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था येथे आहे, आणि मंत्र्यांपासून कारकुनांपर्यंतची सरकारी घरेही आहेत. सेक्टर २२ मधली ती पहिली घरे आणि आमची घरे यांत मावसबहिणींइतके साम्य आहे. वीट तीच, ओळ तीच, ओसरीही आहे. पण टंचाई सरली होती. सिमेंट मिळू लागले तशी जाळी आखूड झाली, काच आली तशा खिडक्या रुंदावल्या. आमच्या घराची पश्चिमेची खोली जूनमध्ये संध्याकाळी सातपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. त्या खिडकीवर वीतभर छज्जा अधिक काढण्याचे कोणास सुचले नाही. कारण तोवर छज्जाचे काम आधी कूलरने आणि मागाहून वातानुकूल यंत्राने अंगावर घेतले होते.

इकडे जुन्या घरांचे आणि सामानाचे भाग्य मात्र फळफळले. जानेरे यांनी चौधरीबाईंसारख्या सहकाऱ्यांच्या साह्याने कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या होत्या. कारकून त्यांवर बसून झिजले आणि खुर्च्याही झिजल्या. मग त्या गच्चीवर फेकल्या गेल्या, भंगारात विकल्या गेल्या. त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखांनी खपू लागल्या, तेव्हा आपण काय विकले हे ध्यानात आले, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर व निर्यातीवर बंधन घालावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील घरांचे मजल्यामजल्याने तुकडे पाडून सदनिका करण्यास मनाई केली. हे उत्तमच झाले. पण तो निर्णय सेक्टर ३० पाशी थांबतो. ३९ च्या घरांना वारसा म्हणून कोणी हात लावणार नाही, आणि लावू नये असेही कोणी म्हणणार नाही.

आमच्या ओळीतल्या निम्म्याहून अधिक ओसऱ्या आता ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काळी काच लावून बंद झाल्या आहेत. दोष कोणाला द्यावा? मुलाला अभ्यासाला खोली हवी असते, म्हातारी आई गावाहून आलेली असते, टाइप तर वरचा मिळत नाही. आम्हीही एकदा सुतार बोलावून मोजमाप घेतले होते. मग एका एप्रिलच्या दुपारी वीज गेली, घरातली सारी माणसे आपोआप ओसरीत येऊन बसली, आणि मोजमापाचा तो कागद आम्ही मागे टाकला.

आता आमची बदलीची ऑर्डर आली आहे. परवा नवे बिऱ्हाड घर पाहून गेले. सातारकडचे तरुण जोडपे, कडेवर मूल. पंखे मोजून झाले, नळ सोडून पाहिले. सूनबाईंनी ओसरीत उभे राहून विचारले, "काका, हे बंद करून घेता येईल ना?" आम्ही म्हणालो, घेता येईल, कोणी अडवत नाही, पण एक जून जाऊ द्या.