ससून गोदी
ससून गोदी : मुंबईच्या कुलाबा भागातील जुनी गोदी व घाऊक मासळी बाजार. ससून कंपनीने समुद्रात भर घालून ती १८७५ मध्ये बांधली. तोपर्यंत मोठी जहाजे बंदरात नांगरून राहत व माल पडावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. भरतीचे पाणी आत अडवून जहाजे तरंगती ठेवणारी पश्चिम भारतातील ही पहिली गोदी होय. १८७९ मध्ये ती पोर्ट ट्रस्टकडे आली.

कुलाब्याची निवड कापसामुळे झाली. टाउन हॉलजवळील कापूस बाजार १८४४ मध्ये येथे हलविण्यात आला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकाशरची मदार भारतीय कापसावर आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचताच तिकडील कापूसही थेट मुंबईस येऊ लागला. कापसाचे गठ्ठे साठविण्यासाठी या परिसरात वखारी उभ्या राहिल्या. १९२० नंतरच्या दशकात बाजार शिवडीकडे गेला. तेथील रेल्वे स्थानकाचे ‘कॉटन ग्रीन’ हे नाव त्याचीच खूण.

कापूस गेला आणि कालांतराने गोदीत मासळी आली. हे रूपांतर कोणा वास्तुशिल्पज्ञाने आखलेले नव्हते. यांत्रिक नौका वाढल्या तशी त्यांना धक्का, बर्फ व डिझेल एकाच ठिकाणी हवे झाले. पहाटे नौकेवरून टोपल्या उतरतात, लगेच लिलाव होतो. घाऊक माल घेऊन शहरभर विकणाऱ्या कोळी महिला आणि कोळंबी सोलणाऱ्या मजूर स्त्रिया यांच्यावर हा व्यवहार मोठ्या प्रमाणात उभा आहे. पावसाळी मासेमारीबंदीत तो मंदावतो.

आता प्रश्न नूतनीकरणाचा आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील घाऊक बाजार १९७४ मध्ये अन्यत्र गेला. जुनी इमारत दुरुस्त होऊन १९८० मध्ये दुकानांसाठी खुली झाली. वास्तू वाचली, मूळ व्यापारी मात्र तेथे राहिले नाहीत. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या (१८७७) जागेवर तर गिरणी बंद पडल्यावर मॉल उभा राहिला. ससून गोदीतील धंदा अद्याप चालता आहे, म्हणून येथील गरजाही निराळ्या : सांडपाण्याचा निचरा, शीतगृह, धुता येणारी लिलावाची फरशी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे. धक्का व लिलावाची जागा यांतील अंतर वाढले, तर पहिला फटका डोक्यावर टोपली वाहणारीस बसेल. दर्शनी भिंतींच्या रंगरंगोटीपेक्षा हा तपशील महत्त्वाचा आहे.

२०१७ मध्ये येथील एका जुन्या वखारीत कलाप्रदर्शन भरले. कोळी समाजातील स्त्रीपुरुषांची मोठी छायाचित्रे त्यात भिंतींवर लावली होती. गोदीतील लिलाव त्या काळातही चालूच होते.